मात्सुए किल्ला आणि इझुमोची तलवार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जपानी तलवारी पाहायच्या म्हणून बहुतेक जण तोक्योचं एखादं मोठं संग्रहालय गाठतात. तिथे तलवारी उत्तमच आहेत, पण त्या कुठल्या मातीतून वर आल्या हे काचेच्या पेटीत कळत नाही. ते कळतं पश्चिम जपानातल्या शिमाने प्रांतात. तिथे शिंजी सरोवराच्या पूर्व टोकाला मात्सुए शहर आहे आणि शहराच्या मधोमध १६११ साली पुरा झालेला किल्ला. सरोवराला पश्चिमेकडून हिई नदी मिळते. ही नदी ओकुइझुमोच्या डोंगरांतून येते आणि त्याच डोंगरांतल्या काळ्या लोहरेतीपासून आजही जपानी तलवारीचं पोलाद बनतं.

किल्ला, सरोवर आणि पोलाद यांचं नातं किती घट्ट आहे ते एका आदेशावरून दिसतं. किल्ल्याचं बांधकाम चालू असतानाच तो बांधणाऱ्या होरिओ घराण्याने डोंगरात लोहरेती धुण्यावर बंदी घातली. धुतलेली माती नदीने खाली येऊन सरोवर गाळाने भरलं, तर पाण्याच्या भरवशावर उभा असलेला किल्ला उघडा पडेल ही भीती होती. पुढे ही बंदी उठली, रेती धुणं जोरात सुरू झालं आणि त्या गाळाने इझुमोचं (हे या भागाचं जुनं नाव) मैदान खरोखरच पुढे सरकलं. आज तिथे भातशेती आहे. म्हणून हा प्रवास खालून वर करावा: आधी किल्ला आणि सरोवर, मग तलवार कशी पाहायची ते, आणि शेवटी नदीच्या उगमाकडे, जिथे पोलाद जन्मतं. उलट क्रमाने गेलात तर डोंगरातली भट्टी नुसता मातीचा ढिगारा वाटेल.

पायरी १: दिवस ठरवा

कमीत कमी दोन पूर्ण दिवस ठेवा, जमल्यास तीन. पहिला मात्सुएसाठी, दुसरा ओकुइझुमोसाठी, तिसरा यासुगी या बंदराच्या गावासाठी.

ओसाका-क्योतोकडून येत असाल तर शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा गाठायचं आणि तिथून ‘याकुमो’ एक्स्प्रेस धरायची. ओकायामा ते मात्सुए साधारण अडीच तास लागतात. तोक्योहून ‘सनराइज इझुमो’ ही रात्रीची गाडी थेट येते, पण तिचं आरक्षण फार लवकर संपतं. विमानाने यायचं तर इझुमो आणि योनागो हे दोन विमानतळ जवळ आहेत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सुट्टीच्या वारावर. डोंगरातली बरीच छोटी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही दुसऱ्याच वारी. सोमवार सरकारी सुट्टीचा असेल तर बंदचा वार मंगळवारवर जातो. निघण्याआधी प्रत्येक ठिकाणचा वार कागदावर लिहून काढा आणि मगच हॉटेल बुक करा. तिकिटाचे दर आणि किल्ल्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्याही त्याच वेळी पाहून घ्या. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी असतो. तेवढ्या वेळात मुख्य वास्तू नीट पाहून होत नाही, म्हणून दीड तास तरी हाताशी ठेवून पोहोचा.

सोबत घ्यायच्या दोन गोष्टी: चांगले जाड मोजे (किल्ल्याच्या आत बूट काढावे लागतात आणि हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी गार असते) आणि पाठीवरची पिशवी. आतले जिने इतके उभे आहेत की दोन्ही हात मोकळे लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तळघर आणि पहिला मजला पाहूनही समाधान मानावं; वास्तूचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

पायरी २: किल्ला बाहेरून आत वाचा

जपानात जुन्या बांधणीचे फक्त १२ बालेकिल्ले (जपानीत ‘तेन्शू’) उभे आहेत. बाकीचे बहुतेक काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेले. त्या बारांपैकी पाच राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर आहेत: हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने आणि मात्सुए. मात्सुएला हा मान २०१५ साली मिळाला आणि त्यामागे दोन लाकडी पट्ट्या होत्या. किल्ला नेमका कधी पुरा झाला याचा लेखी पुरावा नव्हता. २०१२ मध्ये किल्ल्याच्या आवारातल्या मात्सुए देवळात दोन प्रार्थनापट्ट्या सापडल्या, त्यांवर केइचो १६ म्हणजे १६११ सालचा उल्लेख होता आणि त्यांची खिळ्यांची भोकं बालेकिल्ल्यातल्या खांबांवरच्या भोकांशी जुळली. आत गेल्यावर ते खांब शोधा.

चालायला सुरुवात ओते दरवाजाकडून, म्हणजे दक्षिणेकडच्या मुख्य वाटेने करा. दाराआधी एक चौकोनी मोकळं आवार लागतं. इथे शत्रूला सरळ पुढे जाता येत नाही, काटकोनात वळावं लागतं आणि वळताना तो तटावरच्या माणसांना कुशीत सापडतो. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती लगेच उमगेल. हेतू तोच, इथे फक्त वळण गोल नसून चौकोनी आहे.

पुढे जाण्याची घाई करू नका. दगडी भिंतीकडे अगदी जवळून पाहा. काही दगडांवर तराजूच्या वजनाचा आकार कोरलेला दिसेल, मध्ये चिमटलेला, दोन्ही बाजूंनी फुगीर. हे होरिओ घराण्याचं चिन्ह. होरिओ योशिहारू याने १६०७ साली काम सुरू केलं. त्याआधी त्याचं ठाणं डोंगरातल्या गास्सान-तोदा किल्ल्यावर होतं. तो किल्ला लढाईला भक्कम, पण तोफा-बंदुकांच्या आणि व्यापाराच्या काळात अडचणीचा. म्हणून तो सरोवराकाठी उतरला, कामेदा नावाची छोटी टेकडी निवडली आणि भोवती खंदक खणले. योशिहारू स्वतः काम संपत असतानाच वारला. होरिओंनंतर थोडी वर्षं क्योगोकू आणि मग १६३८ पासून मेइजी काळापर्यंत (१८६८ नंतरच्या नव्या राजवटीपर्यंत) मात्सुदाइरा, असा कारभार चालला.

आता बालेकिल्ला. बाहेरून चार छपरं दिसतात, आत पाच मजले आणि एक तळघर आहे. भिंतींवर काळ्या फळ्या चढवल्या आहेत, त्यामुळे हिमेजीचा पांढरेपणा इथे नाही; हा किल्ला दिसतोच लढवय्या. दारातून शिरल्यावर आधी एक पुढे आलेला बुरूज लागतो. तिथे उभं राहून समोरच्या आतल्या भिंतीकडे पाहा: बंदुकीच्या जंग्या बाहेर नव्हे, तुमच्याकडेच रोखलेल्या आहेत. दार फोडून आत आलेल्या माणसालाही शेवटच्या क्षणी टिपता यावं, अशी ही सोय. बहुतेक जण ती न पाहता वर निघून जातात.

तळघरात विहीर आहे. उरलेल्या बारा बालेकिल्ल्यांत वास्तूच्या पोटात विहीर असलेला हा एकच. ती मुळात २४ मीटर खोल होती. इथेच धान्य आणि मीठ साठवत. छपरावरचे जुने लाकडी शाचिहोको (माशाच्या अंगाचे, वाघाच्या तोंडाचे शोभेचे प्राणी) विसाव्या शतकाच्या मध्यातल्या मोठ्या दुरुस्तीत उतरवले, तेही खाली ठेवले आहेत. दोन मीटरहून उंच आहेत.

खांबांकडे वेळ द्या. आत एकूण ३०८ खांब आहेत आणि त्यांतल्या १३० खांबांना चारी किंवा काही बाजूंनी फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आणि कड्यांनी आवळलं आहे. एवढ्या मोठ्या वास्तूला लागणारे जाड, निर्दोष वृक्ष तेव्हा सहज मिळत नव्हते, म्हणून हा उपाय. दुसरी युक्ती अशी की तळापासून माथ्यापर्यंत जाणारा एकच महाखांब इथे नाही. दोन मजले उंचीचे खांब एकमेकांना सोडून बसवत भार थोडा थोडा बाहेर सरकवत खाली आणला आहे. काही तुळयांवर तेच वजनाचं चिन्ह आणि आत एक अक्षर कोरलेलं दिसतं. ती लाकडं जुन्या तोदा किल्ल्यातून आणली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

जिन्यांचं लाकूड किरी नावाच्या झाडाचं, वजनाला हलकं आणि लवकर पेट न घेणारं. वेळ आली तर जिना वर ओढून घ्यायचा आणि खालच्यांची वाट तोडायची. दुसऱ्या मजल्यावर भिंतीलगत दगड टाकायची झाकणं आहेत. सगळ्यात वर ‘तेंगूची खोली’ (तेंगू म्हणजे जपानी दंतकथांतला डोंगरातला यक्ष): चारही बाजूंनी मोकळी, आणि नैऋत्येला शिंजी सरोवर पसरलेलं. सरोवराच्या पलीकडच्या टोकाकडे बोट करा. हिई नदी तिथे मिळते, उद्या तुम्ही तिच्या काठाने वर जाणार आहात.

एक नोंद मात्र मनात ठेवून खाली उतरा. १८७५ मध्ये नव्या सरकारने किल्ल्याच्या इमारती लिलावात काढल्या. बाकी सगळ्या पाडल्या गेल्या. बालेकिल्ला १८० येनला जाणार होता. गावचा सधन शेतकरी कात्सुबे मोतोएमोन आणि जुना सामुराई ताकागी गोनपाची यांनी पैसे उभे करून तो वाचवला. आज जे पाहिलंत ते त्या दोघांमुळे.

किल्ल्याच्या खंदकातून होड्या फिरतात. सुमारे ३.७ किलोमीटरची फेरी, पाऊण तासाच्या आसपास. काही पूल इतके खाली आहेत की होडीचं छत खाली घेतात आणि सगळ्यांना पुढे वाकावं लागतं; कंबरदुखी असेल तर आधी सांगा. हिवाळ्यात होडीत कोतात्सू, म्हणजे पांघरुणाखालची शेकोटी असते. होडीतून तटाचा खालचा भाग आणि पाणी यांचं नातं दिसतं, म्हणून ती चुकवू नका. उत्तरेकडच्या शिओमी नावाते रस्त्यावर मधल्या दर्जाच्या सामुराईचं घर पाहायला खुलं आहे. अर्ध्या तासात होतं.

पायरी ३: तलवार पाहायला शिका

हा भाग डोंगरात जाण्याआधी नीट वाचा. तलवारीच्या पेटीसमोर नवखा माणूस सरासरी काही सेकंद थांबतो, कारण नेमकं काय पाहायचं ते माहीत नसतं. सगळ्या सारख्याच चकचकीत दिसतात.

आधी माप. पात्याची लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, मुठीत जाणारा भाग धरत नाहीत. ६०.६ सेंटिमीटरच्या (२ शाकू) वर असेल ती ताची किंवा कताना. ३०.३ ते ६०.६ म्हणजे वाकिझाशी. त्याहून लहान तांतो. ताची कमरेला दोरीने लटकवायची, धार खाली. कताना पट्ट्यात खोचायची, धार वर. संग्रहालयातही हाच नियम पाळतात: धार खाली ठेवली असेल तर ताची, वर असेल तर कताना. पाटी वाचता आली नाही तरी एवढ्यावरून ओळखता येतं.

मग पुढच्या क्रमाने पाहा.

पेटीपासून दोन-तीन मीटर मागे उभे राहा आणि नुसता आकार पाहा. बाक कुठे सर्वांत जास्त आहे? मुठीजवळ असेल आणि टोकाकडे पातं निमुळतं, नाजूक होत गेलं असेल, तर ती बहुधा घोडेस्वारांच्या काळातली जुनी ताची. बाक टोकाकडे सरकला असेल तर नंतरची, पायदळाच्या लढायांची. जवळजवळ सरळ आणि टोक लहान, तर एदो काळाची (सतरावं ते एकोणिसावं शतक) शक्यता. एवढं एक जमलं तरी पुढच्या दहा तलवारी वेगवेगळ्या दिसू लागतात.

आता जवळ या आणि गुडघ्यात वाका. पेटीतल्या दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर कुठे पडतंय ते शोधा. डोकं हळूहळू खाली-वर करत ते प्रतिबिंब धारेच्या कडेजवळ आणा. तिथे धुक्यासारखी एक पांढरी रेघ उमटेल, तिच्यात बारीक चमकते कण दिसतील. हा खरा हामोन: कडक धार आणि मऊ पाठ यांची सीमारेषा. कण डोळ्यांना सुटे दिसले तर त्यांना ‘निए’ म्हणतात, आणि वेगळे न दिसता नुसतं धुकं दिसलं तर ‘निओई’.

इथे जवळजवळ सगळेच चुकतात. धारेलगत जो ठळक पांढरा पट्टा सरळ उभं राहून दिसतो, तो बऱ्याचदा घासणाऱ्या कारागिराने बारीक दगडाच्या चकतीने उजळलेला असतो. खरा हामोन त्या पांढऱ्याच्या आत लपलेला असतो आणि त्याचं वळण वेगळं असू शकतं. फोटोतही तो पांढरा पट्टाच येतो. म्हणून फोटो काढून घरी पाहू असं म्हणू नका. दिव्याची तिरीप आणि तुमचा डोळा यांची जागा जुळल्याशिवाय तो दिसत नाही.

हामोनचे प्रकार पुष्कळ आहेत. सुरुवातीला तीन ओळखा: सरळ रेघ (सुगुहा), एकसारख्या लाटा (गुनोमे) आणि चोजी. चोजी म्हणजे आपली लवंग. लवंगांची डोकी शेजारी शेजारी रचावीत तशी ती नक्षी दिसते, आणि पूर्वीच्या बिझेन प्रांताच्या तलवारींत ती भरपूर सापडते. पात्याला गंज लागू नये म्हणून लावतात त्या तेलाचं नावही चोजीच, पूर्वी ते लवंगेचं असे.

त्यानंतर पात्याच्या मधल्या भागाची पोत पाहा, तिला ‘हादा’ म्हणतात. घडी घालून घालून ठोकलेल्या पोलादावर लाकडासारखे थर दिसतात: कुठे फळीच्या उभ्या रेघा, कुठे गाठीचे गोल.

शेवटी मुठीतला भाग, नाकागो. तो गंजलेला, काळपट असतो आणि तसाच राखतात. त्या गंजाचा रंग आणि खोली पाहून वय ठरतं, म्हणून तो घासला तर तलवारीची किंमत आणि पुरावा दोन्ही जातात. लोहाराची सही इथेच. भोकं एकाहून जास्त दिसली तर मूठ बदलली किंवा तलवार आखूड केली असं समजा. आखूड करताना टोक नव्हे, खालची बाजू कापतात, म्हणून पुष्कळ उत्तम तलवारींच्या सह्या गेल्या आहेत. सही नाही म्हणून तलवार हलकी, असं मानू नका.

पायरी ४: नदीच्या काठाने वर

सरोवराच्या काठावरच्या शिंजी स्टेशनवरून किसुकी लाईन डोंगरात जाते. तुमचं स्टेशन इझुमो-योकोता. दिवसात गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली तर दिवस वाया जातो, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि मग जाण्याची. मोटार घेतलीत तर सव्वा-दीड तासाचा रस्ता. भारताचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानात चालतो आणि गाड्याही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, त्यामुळे सवय लागायला वेळ लागत नाही. डिसेंबर ते मार्च मात्र बर्फाचे टायर असलेलीच गाडी मागा.

जेवणाचं इथेच सांगून टाकतो: इझुमोचा सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) तीन गोल लाकडी डब्यांत येतो, रस वरून ओतून खायचा. तो रस वाळवलेल्या माशाच्या पाण्यात केलेला असतो, शाकाहारी मंडळींनी सोबत काहीतरी ठेवावं.

वाटेत भातखाचरांच्या मध्ये छोट्या, एकट्या टेकड्या उभ्या दिसतील. त्या नैसर्गिक वाटतात, पण भोवतालचा सगळा डोंगर लोहरेतीसाठी खणून, पाटाच्या पाण्यात धुऊन खाली सोडला आहे. ज्या जागेवर देऊळ किंवा स्मशान होतं तेवढी राखली. उरलेल्या सपाटीवर पायऱ्यांची शेतं झाली. वाहत्या पाण्यात हलकी माती पुढे जाते आणि जड काळी रेती खाली बसते, एवढ्या साध्या तत्त्वावर हे काम चालत असे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाट मागे सरल्यावर काळ्या रेतीचे पट्टे उमटतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या नदीशी जपानची एक फार जुनी तलवारकथा जोडलेली आहे. आठ डोक्यांचा नाग यामाता नो ओरोची याला सुसानोओ देवाने इथे मारलं आणि त्याच्या शेपटीत तलवार सापडली. नागाचं रक्ताळलेलं पोट म्हणजे लोहरेतीने लाल झालेलं हिईचं पाणी, असा अर्थ बरेच जण लावतात.

योकोतामध्ये ‘ओकुइझुमो तातारा आणि तलवार संग्रहालय’ आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. तातारा म्हणजे मातीची भट्टी. तिची आतून कापलेली प्रतिकृती इथे आहे, आणि ती खालून वर पाहावी. खरी भट्टी दिसते जेमतेम छातीएवढी: साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद. पण तिच्याखाली तीन मीटरहून खोल पाया असतो, दगड, खडी, कोळसा आणि मातीच्या थरांचा. कारण एकच, ओल. जमिनीतून वाफ वर आली तर भट्टीचा ताव बसतो आणि पोलाद होतच नाही.

इझुमोत याच योकोता भागात जपानी कला-तलवार संवर्धन संस्थेची निट्टोहो तातारा १९७७ पासून चालते. हिवाळ्यातच पेटते आणि पाहुण्यांसाठी खुली नाही, त्यामुळे तिथे जाऊन दार ठोठावू नका. एका खेपेला तीन दिवस, तीन रात्री लागतात. जवळपास १० टन लोहरेती आणि १२ टन कोळसा दर अर्ध्या तासाला थोडा थोडा टाकत जायचा. मुख्य कारागीर, मुरागे, ज्वाळेचा रंग आणि आवाज पाहून प्रमाण बदलतो. शेवटी भट्टी फोडतात आणि तळाला ‘केरा’ नावाचा अडीच टनांचा लगदा मिळतो. त्यातलं तलवारीच्या कामाचं तामाहागाने एक टनाहून कमी.

तीन दिवसच का? कारण भट्टीची माती हीसुद्धा मसाल्यातलाच एक भाग आहे. भिंतीतली वाळू लोहरेतीतल्या मळाशी मिळून पातळ मळी (स्लॅग) होते आणि खालून वाहून जाते. म्हणजे भट्टी स्वतःला आतून खात जाते. तिसऱ्या दिवशी भिंती इतक्या झिजतात की पुढे चालवणं धोक्याचं. दर खेपेला नवी भट्टी बांधावी लागते ती यामुळे. शिवाय इथे लोखंड पूर्ण वितळून पाण्यासारखं होत नाही. ते कोळशातलं कार्बन घेत, घट्ट लगद्याच्या रूपात वाढत जातं. आपल्याकडे दक्षिणेत मुशीत वितळवून केलेलं उकू (वुट्झ) पोलाद आणि हे तामाहागाने, दोन्ही तलवारींसाठी नावाजलेली, पण वाटा अगदी वेगळ्या.

जुनी, खरी भट्टीघराची वास्तू पाहायची तर उन्नान शहराच्या योशिदा भागातलं सुगाया गाठा. तानाबे घराण्याची ही भट्टी १७५१ ते १९२१ चालली, आणि असं उंच छपराचं भट्टीघर जपानात हे एकच उरलंय. मोटारीशिवाय तिथे पोहोचणं कठीण. दारातला कात्सुरा वृक्ष वसंतात पालवी फुटताना लाल होतो, जेमतेम तीन दिवस.

पायरी ५: घडणीचं प्रात्यक्षिक पाहताना

योकोताच्या संग्रहालयात ठराविक दिवशी लोहार घण घालून दाखवतात. तारीख आधी विचारून घ्या. पुढे काय चाललंय ते कळावं म्हणून क्रम सांगतो.

तामाहागानेचे तुकडे तापवून पातळ ठोकतात, पाण्यात बुडवतात आणि फोडतात. सहज तुटला तो कडक, वाकला तो मऊ. अशी निवड होते. कडक तुकडे एका लोखंडी पट्टीवर रचून, ओल्या कागदात गुंडाळून, वर गवताची राख आणि मातीचा पातळ गारा ओततात. हा गारा फार महत्त्वाचा: तो हवा अडवतो, नाहीतर कार्बन जळून जातं. मग ठोकायचं, मधोमध चीर द्यायची, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. दहा ते पंधरा घड्या. पंधराव्या घडीला थर ३२,७६८ होतात. घड्यांचा उद्देश थर मोजणं नव्हे. मळ बाहेर काढणं आणि कार्बन सगळीकडे सारखं करणं. तामाहागानेत कार्बन एक ते दीड टक्का असतं, ते घड्यांनंतर ०.६ ते ०.७ टक्क्यावर येतं. म्हणजे घड्या जास्त झाल्या तर पोलाद मऊ पडतं. ‘जितक्या जास्त घड्या तितकी चांगली तलवार’ हे चूक आहे. घडीत राख किंवा हवा अडकली तर पुढे घासताना पात्यावर फोड येतो, आणि तेवढी महिन्यांची मेहनत गेली.

मऊ पोलादाचा गाभा आत, कडक बाहेर, असं मिळवून पातं ओढतात. त्यावर माती, कोळशाची पूड आणि घासणीच्या दगडाची पूड यांचा लेप: पाठीवर जाड, धारेवर पातळ. लेप पुरता वाळला नसेल किंवा पात्याला तेलकटपणा राहिला असेल तर तो तावात गळून पडतो आणि हामोन तुटतो.

मग पाणी देणं. आपल्याकडेही लोहार धारेला पाणी देतो, शब्द तोच, कामही तेच. खोलीत अंधार करतात, कारण पात्याचा रंग डोळ्यांनी ओळखायचा असतो. ७५० ते ८०० अंशांच्या आसपास पातं पाण्यात जातं. पातळ लेपाची धार क्षणात गार होऊन कडक होते आणि थोडी फुगते, पाठ मागाहून सावकाश गार होते. या ओढाताणीत पातं आपोआप पाठीकडे वाकतं. तलवारीचा बाक हा असा पाण्यात पुरा होतो. याच क्षणी धारेत आडवी चीर गेली तर ती तलवार संपली. तिला दुरुस्ती नाही.

पायरी ६: हातात घेणं आणि घरी आणणं

कधी खरी तलवार हातात घ्यायची संधी मिळाली तर अंगठ्या, घड्याळ काढा, थोडं झुकून नमस्कार करा, धार वर ठेवून पाठीवर म्यान सरकवत काढा. पात्यावर बोट नाही, पात्यावर वाकून बोलणं नाही. घाम आणि थुंकीतल्या मिठाने काही दिवसांत गंज धरतो. दुसऱ्याला देताना धार स्वतःकडे ठेवा.

विकत घेण्याचा विचार असेल तर कायदा आधी. जपानात प्रत्येक अस्सल पात्याचं नोंदणीपत्र असतं, ते मालकाचं नसून पात्याचं, आणि पात्यासोबतच राहतं. देशाबाहेर नेताना ते परत करून सांस्कृतिक खात्याचा दाखला घ्यावा लागतो, त्यात काही आठवडे जातात. आजचा परवानाधारक लोहारही पाच वर्षं उमेदवारी करून आलेला असतो आणि महिन्याला मोठ्या तलवारी दोनच करू शकतो, त्यामुळे स्वस्त ‘अस्सल’ कताना असं काही नसतं. भारतात तलवारीला आणि घरकामाच्या नसलेल्या ९ इंचांहून लांब धारदार पात्याला शस्त्र कायदा लागू होतो. परवान्याशिवाय आणलंत तर विमानतळावरच अडकाल. पहिल्या प्रवासात तलवार आणू नका. जुनी त्सुबा, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली लोखंडी चकती घ्या. तिच्यात कारागिरी भरपूर आणि ती शस्त्रही नाही.

पोलादच हवं असेल तर यासुगीला उतरा. इथलं वाको संग्रहालय पोलादासाठीच आहे, १९९३ पासूनचं, आणि पायाने दाबायचे मोठे भाते इथे जवळून पाहता येतात. जपानी कारागिरांच्या सुऱ्यांचं पोलादही याच यासुगीत बनतं: पांढऱ्या कागदाचं आणि निळ्या कागदाचं, अशा नावांनी ते ओळखलं जातं. स्वयंपाकाची सुरी घ्यायची तर पांढऱ्या कागदाच्या पोलादाची घ्या, आणि ती चेक-इन सामानातच ठेवा. घरी तिच्यावर लिंबू, कोकम, कैरी चिरलीत तर ती लगेच काळी पडते, दोष सुरीचा नाही. जुन्या लोखंडी विळीचं पातंही असंच काळं पडतं. चिरून झालं की तिथल्या तिथे धुवा, कोरडी पुसा, पावसाळ्यात पात्याला खाद्यतेलाचा पुसट हात लावा आणि कागदात गुंडाळून ठेवा. ओल्या म्यानात किंवा चामड्याच्या पाकिटात मात्र ठेवू नका, आठवड्याभरात तांबेरा धरेल.